नियम वाचता यायला हवेत

मराठीत व्हिडिओ गेमबद्दल क्वचित काही लिहून येतं, आणि येतं तेव्हा चित्रं किती देखणी आहेत, कथा किती गुंतवते, कोणत्या फोनवर गेम अडखळतो, एवढ्यावर लेख आटोपतो. खेळाडूला काय करता येतं, काय करता येत नाही आणि त्याने केलेल्या गोष्टीचा परिणाम काय होतो, याचा उल्लेखही नसतो. खेळ तर तिथेच असतो. चित्रं आणि कथा काढून घेतल्या तरी बुद्धिबळ उरतं. नियम काढून घेतले तर काहीच उरत नाही.

नियमांबद्दल बोलण्याची भाषा जगातही फार जुनी नाही. ख्रिस क्रॉफर्ड यांचं कॉम्प्युटर गेमच्या कलेवरचं पुस्तक १९८४ सालचं. त्यानंतर दहा वर्षांनी ग्रेग कॉस्टिकियन यांना या कलेसाठी समीक्षेची भाषाच नाही, अशी तक्रार करत निबंध लिहावा लागला. २००४ मध्ये हुनिकी, लब्लांक आणि झुबेक या तिघांनी मांडलेली चौकट आज गेम डिझाइनच्या वर्गांत सर्रास शिकवली जाते. तिचे थर तीन: मेकॅनिक्स म्हणजे लिहिलेले नियम, डायनॅमिक्स म्हणजे ते नियम चालू झाल्यावर खेळाडूंच्या वागण्याला येणारं वळण, आणि एस्थेटिक्स म्हणजे त्यातून खेळणाऱ्याला येणारा अनुभव. डिझायनरच्या हातात फक्त पहिला थर असतो. खेळाडूला आधी जाणवतो तो तिसरा. मधला थर कुणीच लिहिलेला नसतो, आणि डिझाइनची सगळी परीक्षा तिथे होते.

हे समजून घ्यायला कबड्डीइतकं चांगलं उदाहरण नाही. चढाईपटूने कुणालाही न शिवता सुखरूप परत यावं, याला मुभा आहे. सामन्याचा वेळ ठरलेला आहे. हे दोन्ही नियम वेगवेगळे पाहिले तर निरुपद्रवी वाटतात. एकत्र आले की आघाडीवरचा संघ मोकळ्या चढाया करत वेळ काढू लागतो आणि सामना मरतो. वेळकाढूपणा नियमपुस्तकात कुठेही लिहिलेला नाही. तो नियमांच्या जोडीतून उगवतो. त्यावर काढलेली तोड अशी: सलग दोन चढाया निष्फळ गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण मिळवायचा, नाहीतर चढाईपटू बाद. ‘वेळ काढू नका’ असा उपदेश करून काही साधलं नसतं. या एका नियमाने वेळ काढण्याला किंमत लावली, आणि तिसऱ्या चढाईला मैदानावरचे सगळेच सावध होऊ लागले.

कबड्डीत आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. खेळाडू बाद होत गेले की मैदान मोकळं पडतं, पकड करणं अवघड होतं, आणि आणखी खेळाडू बाद होतात. पडणारा अधिक पडतो. याला डिझायनर पॉझिटिव्ह फीडबॅक म्हणतात. कबड्डीने त्याला दोन ठिकाणी आवर घातला आहे. लोण चढला की समोरच्याला दोन जादा गुण मिळतात, पण बाद झालेला अख्खा संघ पुन्हा मैदानात येतो. आणि तीन किंवा त्याहून कमी खेळाडू उरले असताना पकड साधली, तर अव्वल पकडीचा एक जादा गुण. त्यामुळे दुबळा झालेला संघ अचानक धोकादायक होतो. मागे पडलेल्याला हात देणारे हे निगेटिव्ह फीडबॅक. सामना शेवटच्या मिनिटापर्यंत जिवंत राहतो तो निव्वळ खेळाडूंच्या जिद्दीमुळे नव्हे, या रचनेमुळेही.

ही रचना काही सांगूही शकते. आपल्या घराघरांत खेळला गेलेला ‘व्यापार’ ज्या मोनोपॉलीवरून आला, तिचं मूळ एलिझाबेथ मॅगी या अमेरिकन बाईंच्या ‘लँडलॉर्ड्स गेम’मध्ये आहे. त्याचं पेटंट १९०४ चं. जमीनमालक नुसत्या भाड्यावर कसा गब्बर होतो आणि बाकीचे कसे कंगाल होतात, हे हेन्री जॉर्ज यांचं अर्थशास्त्र मॅगी यांना पटावर दाखवायचं होतं. म्हणून आवर न घातलेला पॉझिटिव्ह फीडबॅक त्यांनी मुद्दाम ठेवला. १९३५ मध्ये पार्कर ब्रदर्सने मोनोपॉली बाजारात आणली तेव्हा यंत्रणा बहुतांशी तीच राहिली, पण टीका गळून पडली. शेवटच्या तासात ज्याचं दिवाळं निघतं तो आजही कंटाळून उठतो, आणि तो कंटाळा हाच मॅगी यांचा मुद्दा होता. याउलट क्लाउस टॉइबर यांच्या १९९५ च्या ‘कटान’ या पटावरच्या खेळात कुणीही पटाबाहेर जात नाही, आणि दुसऱ्याच्या पाळीतही माझ्याकडच्या विटांना कुणीतरी गिऱ्हाईक असतं. घरी खेळायला कुणी विचारलं तर मी कटानच सुचवेन. पण मांडणी म्हणून मॅगी यांचा खेळ अधिक धीट होता.

नशीब आणि कौशल्य यांची जी जोडी आपल्याकडे कायम उगाळली जाते, ती मला अपुरी वाटते. सर्वोच्च न्यायालयाने १९६० च्या दशकात रमीला कौशल्याचा खेळ मानलं, पुढे पैशांच्या ऑनलाइन खेळांवरची सगळी वकिली याच भेदावर उभी राहिली, आणि २०२५ च्या कायद्याने तो भेद बाजूला ठेवून पैसे लावून खेळले जाणारे सगळेच ऑनलाइन खेळ बंद केले. डिझाइनच्या दृष्टीने प्रश्न निराळा आहे: नशिबाचा कौल निर्णयाआधी येतो की नंतर? सारीपाटात दान आधी पडतं आणि कोणती सोंगटी हलवायची हे मग ठरवायचं असतं. रमीत पानं हातात आल्यावर डोकं चालवायचं असतं. सापशिडीत दान पडल्यावर करण्यासारखं काही उरतच नाही. तिच्या जुन्या रूपात, ज्ञानदेवांच्या नावाशी परंपरेने जोडलेल्या मोक्षपटात, हे शोभतं, कारण तिथे घरांवर पापपुण्य आहे आणि पट माणसाच्या वाटचालीबद्दल बोलतो. घरांवरचे शब्द पुसले गेल्यावर नुसती धावपळ उरली.

आजच्या फोनवरचे पुष्कळ गेम त्या पुसलेल्या सापशिडीकडे परत गेले आहेत, आणि या कलेच्या सद्यस्थितीतली मला सर्वांत बोचणारी बाब हीच आहे. डिझाइनची भाषा कधी नव्हे इतकी समृद्ध झाली, आणि ती राबवली जाते ती खेळाडू उद्या परत येईल का, पैसे कधी काढेल, हे ठरवायला. ‘कँडी क्रश’मध्ये पाच जीव असतात, गेलेला जीव अर्ध्या तासाने परत मिळतो, नाहीतर पैसे मोजा. हा नियम खेळात कोणताही नवा निर्णय आणत नाही. तो फक्त दार बंद करून बाहेर गल्ला मांडतो. लूट बॉक्समध्ये, म्हणजे आत काय निघेल हे न सांगता विकल्या जाणाऱ्या पेट्यांमध्ये, तर पैसे आधी आणि नशीब नंतर. बेल्जियमने २०१८ मध्ये त्यांना जुगाराच्या कायद्याखाली आणलं ते योग्यच केलं.

उलट बाजूला लहान चमूंनी, कधी एकट्यादुकट्याने केलेलं काम पाहिलं की या कलेवरचा विश्वास टिकतो. लुकास पोप यांच्या ‘पेपर्स, प्लीज’ (२०१३) मध्ये आपण एका काल्पनिक हुकूमशाही देशाच्या सीमेवर कागदपत्रं तपासणारे कारकून असतो. जितकी माणसं तपासू तितका पगार, चूक झाली की दंड, आणि रात्री घरभाडं, अन्न, शेगडी यांचा हिशोब. एका नवऱ्याचे कागद बरोबर निघतात, मागून आलेल्या बायकोकडे परवाना नसतो. तिला आत सोडायचं, तर ते आपल्या मुलाच्या जेवणातून. इथे संवादाची दोनचार वाक्यंच आहेत. यातना पगाराच्या नियमात आहे. ‘सेलेस्ट’ (२०१८) हा डोंगर चढण्याचा अतिशय कठीण गेम, पण त्यात कडा सोडून पाय हवेत गेल्यावरही क्षणभर उडी घेता येते, आणि ज्याला झेपत नाही त्याला वेग कमी करण्याची सोय आहे. गल्लीतल्या लहानग्याला आपण कच्चा लिंबू म्हणून खेळात ठेवतो, तसाच हा उदारपणा आहे.

पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ २०२० मध्ये आला, द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या नामांकनापर्यंत पोहोचला, आणि त्याचं कौतुक मनापासून करायला हवं. राजस्थानी वास्तू, छायाबाहुल्यांतून उलगडणारी कथा, दुर्गा आणि विष्णू यांचं निवेदन, हे सगळं आपल्या मातीतलं आहे. त्याचे नियम मात्र आपल्या मातीतले नाहीत. शत्रूंच्या टोळीत उड्या मारत त्रिशूळ चालवायचा आणि गुण साठवून शस्त्रं सुधारायची, हा साचा आपण दुसऱ्या डझनभर गेममध्ये खेळलेला आहे. दुर्गेची कृपा तिथे वरदान म्हणून सांगितली जाते, पण हाताला ती शस्त्राच्या सुधारणेसारखीच लागते. वर मिळाला की त्याबरोबर अटही येते, मिळवणारा उतला की तो मोडतो, शाप फिरवता येत नाही पण त्याला उःशाप मिळतो: आपल्या पुराणकथांमध्ये नियमांची केवढी तरी रेलचेल आहे. कुठल्याही डिझायनरला हेवा वाटावा असा हा ऐवज भिंतींवरच्या चित्रांत अडकून पडला. पुढच्या भारतीय गेमची समीक्षा करताना मी चित्रांआधी हे पाहीन, की त्यातल्या वरदानाला अट आहे का आणि ती अट पाळायची की मोडायची हे खेळाडूला ठरवता येतं का.