पर्यटनाची भाषा : ग्रॅहम डॅन ह्यांच्या सिद्धांताचा परामर्श

पर्यटनाच्या विपणनाचा अभ्यास हा वाणिज्य शाखेचा विषय, भाषेच्या अभ्यासकाचा त्याच्याशी संबंध नाही, अशी समजूत विद्यापीठीय वर्तुळात सामान्यतः आढळते. समाजशास्त्रज्ञ ग्रॅहम डॅन ह्यांच्या संशोधनाने ती खोटी ठरविली. त्यांचा प्रभाव मोठा आहे. परंतु तो कोणत्या रीतीने पडला आणि त्यांच्या सिद्धांताचा मराठीच्या अभ्यासकास कितपत उपयोग होतो, ह्याचा विचार होणे अवश्य आहे.

वेस्ट इंडीज विद्यापीठात अध्यापन करीत असताना डॅन ह्यांनी १९७७ मध्ये बार्बाडोस बेटावर येणाऱ्या प्रवाशांसंबंधी एक निबंध प्रसिद्ध केला. मनुष्य प्रवासास का निघतो, ह्याचे उत्तर स्थळाच्या आकर्षणात शोधण्यापूर्वी त्याला घराबाहेर लोटणाऱ्या कारणांत शोधावे, हे त्यातील प्रतिपादन. नियमहीन समाजात वाट्यास येणारे एकाकीपण आणि परक्या ठिकाणी स्वतःची प्रतिष्ठा वाढवून घेण्याची इच्छा, अशी दोन कारणे त्यांनी दाखविली. विपणनशास्त्राने 'लोटणाऱ्या' व 'ओढणाऱ्या' कारणांची ही विभागणी उचलली, तिच्या प्रश्नावल्या तयार केल्या. एकाकीपणाचा मूळ प्रश्न मात्र बहुधा बाजूस राहिला. समाजाची चिकित्सा करण्यासाठी मांडलेला विचार गिऱ्हाइकांची वर्गवारी करण्याचे साधन झाला. संशोधनाचा प्रभाव केवळ उल्लेखांच्या संख्येने मोजणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे.

१९९६ मध्ये डॅन ह्यांचा पर्यटनाच्या भाषेवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. पर्यटनाची भाषा ही सामाजिक नियंत्रणाची भाषा आहे. ती प्रवाशास भुलविते आणि त्याने काय पाहावे, कसे वागावे, हेही ठरविते, असा त्यांचा सिद्धांत. बोलणारा अनामिक असणे, संवाद एकतर्फी असणे, स्तुतीचा अतिरेक आणि प्रवाशाच्या मनातील चित्राचीच पुनरुक्ती, ही तिची लक्षणे त्यांनी सांगितली. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका लेखात त्यांनी ब्रिटनमधील ११ प्रवासी पुस्तिकांतील छायाचित्रे तपासली. सुमारे ६० टक्के चित्रांत केवळ पर्यटकच होते; पर्यटक व स्थानिक माणूस एकत्र दिसतात अशी चित्रे १० टक्केही नव्हती. नियंत्रणाचा ह्याहून बोलका पुरावा क्वचितच मिळेल.

तरीही दोन आक्षेप नोंदविणे भाग आहे. स्तुतीचा अतिरेक आणि एकतर्फी बोलणे साबणाच्या जाहिरातीतही आढळते. तेव्हा तेवढ्यावरून पर्यटनाची स्वतंत्र 'भाषा' सिद्ध होत नाही. दुसरे असे की, त्यांची सामग्री प्रामुख्याने इंग्रजी आहे, आणि इंग्रजीत श्रोत्याला संबोधण्याचे मार्ग थोडे आहेत.

आपल्याकडील एकच उदाहरण घेऊ. 'येवा, कोकण आपलोच आसा' हे मालवणी आमंत्रण सर्वांच्या परिचयाचे आहे. ह्यातील 'आपलो' श्रोत्याला सामावून घेणारा आहे. आदरार्थी 'तुमचो' ही छटाही त्यात आहे. 'आमचो' म्हटले असते तर पाहुणा उंबऱ्याबाहेर राहिला असता. इंग्रजी सर्वनामात हा भेदच नाही. शिवाय येथे बोलणारा अनामिक नाही. त्याची बोलीच त्याचे गाव सांगते. आणि ऐकणारा? तो पुण्याचा प्रवासी असेल, तसाच गणपतीसाठी गावी निघालेला मुंबईचा चाकरमानीही असेल. पहिल्यास हे वाक्य आमंत्रण वाटते, दुसऱ्यास ओळख. पाहुणा आणि यजमान ह्यांची डॅन ह्यांनी गृहीत धरलेली विभागणी येथे ढळते.

म्हणून त्यांचा सिद्धांत टाकाऊ ठरतो असे मात्र नव्हे. हेच वाक्य बाहेरच्या एखाद्या व्यावसायिकाने आपल्या फलकावर लिहिले की त्यातील आपलेपणा विक्रीची वस्तू होतो, आणि डॅन खरे ठरतात. वाक्य तेच, बोलणारा बदलला. स्वतः डॅन ह्यांनीही २०१२ मध्ये, प्रवासी एकमेकांशी बोलू लागल्यानंतर, एकतर्फी संवादाची आपली कल्पना सुधारून घेतली. ही सचोटी अनुकरणीय आहे.

ह्या विषयावर प्रबंध लिहू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी चार लक्षणांच्या चौकटीत मराठी पत्रके बसविण्याचा खटाटोप करू नये. सर्वनामे, बोली आणि बोलणाऱ्याचे स्थान ह्यांपासून आरंभ करावा. डॅन ह्यांच्या ग्रंथाचे खरे ऋण तसेच फिटेल.