राक्षस, रक्ताचे नमुने आणि प्रायश्चित्त

या वेळी शोधनिबंध बाजूला ठेवून एका मांगाबद्दल, म्हणजे जपानी चित्रकथेबद्दल लिहिते आहे. अगदीच विषयांतर नाही. का ते पुढे कळेल.

कोयोहारू गोतोगे यांची ‘किमेत्सु नो याइबा’ ही मालिका जपानच्या ‘शोनेन जम्प’ साप्ताहिकात 2016 ते 2020 या काळात आली. 205 प्रकरणं, 23 खंड. जगभर ती ‘डीमन स्लेयर’ म्हणून ओळखतात. 2025 मध्ये तिच्यावरचा ‘इन्फिनिटी कासल’ हा चित्रपट भारतातही लागला, त्यामुळे नाव तरी कानावर असेल. पुढे शेवटपर्यंतचं कथानक येणार आहे. वाचायचं बाकी असेल तर इथेच थांबा.

गोष्ट थोडक्यात अशी. तैशो काळातला जपान, म्हणजे 1912 ते 1926. डोंगरात राहून कोळसा विकणाऱ्या तान्जिरोचं कुटुंब एका रात्रीत मारलं जातं. बहीण नेझुको वाचते, पण राक्षस होऊन. तिला परत माणूस करण्यासाठी तो राक्षस मारणाऱ्यांच्या दलात दाखल होतो.

आता गंमत बघा. इथला पहिला राक्षस पाताळातून आलेला नाही. मुझान हा हेआन काळातला एक आजारी तरुण. विसाव्या वर्षाच्या आत जाणार, असं त्याला सांगितलेलं. एक डॉक्टर त्याच्यावर नवं, अजून पुरतं तयार न झालेलं औषध वापरून बघतो. गुण येत नाही म्हणून चिडून मुझान त्या डॉक्टरलाच मारतो, आणि मग लक्षात येतं की औषध लागू पडलं होतं. उपचार अर्धवट राहिला. शरीर अमर झालं, पण ऊन सोसेना आणि भूक माणसाच्या मांसाची. बाकीचे राक्षस त्याच्या रक्तातून झालेले. म्हणजे राक्षसपण हा इथे शाप कमी आणि संसर्ग जास्त.

संसर्ग म्हटला की राक्षस हा रोगी ठरतो आणि त्याची दया येते. मालिकेचं बरंच यश या दयेत आहे. कोळ्याच्या जाळ्यात स्वतःचं खोटं कुटुंब बांधणारा रुई धूळ होत असताना तान्जिरो त्याच्या पाठीवर हात ठेवतो. आकाझा तर वडिलांच्या औषधासाठी चोऱ्या करणारा पोरगा होता. पुढे गुरू आणि होणारी बायको विहिरीत कालवलेल्या विषाने गेले, तेव्हा त्याने शेजारच्या आखाड्यातली 67 माणसं नुसत्या हातांनी मारली. हे सगळं आठवल्यावर तो स्वतःहून लढणं थांबवतो. वाचताना डोळे भरून येतात, त्यात वाद नाही.

पण जरा थांबून विचार करा. आठवण येणं म्हणजे प्रायश्चित्त का? साचा तोच तोच आहे: गळा कापला जातो, बालपण आठवतं, पश्चात्ताप होतो, धूळ होते. ज्यांना त्याने खाल्लं, त्यातल्या बहुतेकांची नावंही आपल्याला कळत नाहीत. गोतोगे यांना याचं भान आहे. ग्युतारो आपल्या बहिणीला पाठीवर घेऊन नरकाच्या आगीत चालत जातो; दया मिळते, सुटका नाही. तरीही मागे राहिलेल्यांच्या पदरात या अश्रूंमधून काय पडतं? काहीच नाही.

म्हणून मला या मालिकेत प्रायश्चित्ताची खरी गोष्ट तामायोची वाटते. ती राक्षस आहे आणि डॉक्टरही. मूल मोठं होताना बघायला मिळावं म्हणून, आजारपणात ती राक्षस झाली, आणि तिने आधी नवरा आणि ते मूलच खाल्लं. पुढे आणखी कितीतरी माणसं. हे ती नाकारत नाही, त्याबद्दल माफीही मागत नाही. ती काम करते. तान्जिरोकडून ती बलाढ्य राक्षसांच्या रक्ताचे नमुने मागते. फेकून मारायची छोटी सुरी रक्त ओढून घेते आणि मांजर ते पोचवतं. प्रत्येक लढाई म्हणजे एक नमुना! नमुन्यासाठी महिनोन्‌महिने वाट बघणाऱ्यांना यातली मजा वेगळी सांगायला नको. शेवटी नेझुकोला माणूस करणारं औषध यातूनच येतं. मुझानला हरवणारं औषधही तामायो आणि शिनोबु मिळून बनवतात, आणि शिनोबुची बहीण राक्षसानेच मारलेली आहे. तिला तामायोबद्दल माया वाटावी, अशी सक्ती कथा करत नाही. दोघींनी एका टेबलाशी काम केलं, एवढंच.

आपण ‘वाल्याचा वाल्मीकी झाला’ म्हणतो तेव्हा वारुळातली वर्षं एका वाक्यात उडवतो. गोतोगे यांनीही तामायोची वर्षं पानांवर फार दाखवली नाहीत, आणि ही माझी मुख्य तक्रार आहे. आकाझाला भूतकाळासाठी सलग प्रकरणं मिळतात, तामायोला तुकडे.

दुसरी तक्रार जास्त गंभीर. तामायो जगते ती माणसांच्या थोड्याशा रक्तावर. ते ती गरिबांकडून विकत घेते, दुसऱ्या रुग्णांना चढवायचं आहे असं भासवून. आजच्या कुठल्याही नैतिकता समितीसमोर हा प्रस्ताव पहिल्याच मिनिटाला नापास होईल. पैसे देऊन, जीव न घेता, पण खोटं सांगून घेतलेली संमती ही संमती नव्हे. युशिरोला राक्षस करण्याआधी ती त्याला विचारते. या माणसांना विचारत नाही. कथा हे एका ओळीत सांगते आणि पुढे जाते. मला तिथे थांबायला हवं होतं, कारण प्रायश्चित्त करणाऱ्याच्या हातूनही गरिबांनाच किंमत मोजावी लागते, हा प्रश्न सगळ्या तलवारींपेक्षा धारदार होता.

तरीही मालिका जरूर वाचा. चाहत्यांच्या याद्यांमध्ये तामायोचं नाव बरंच खाली असतं. वाचून झाल्यावर तुम्ही तिला कुठे ठेवाल, ते कळवा.