भेगाळलेल्या लाकडाचे पात्र आणि गोरोबांचे थापटणे

मराठी समीक्षेला ‘कातीव’ हा शब्द फार प्रिय आहे. कातीव शैली, कातीव संवाद, कातीव व्यक्तिरेखा असे आपण सहज लिहून जातो. हा शब्द कातकाम करणाऱ्या कारागिराकडून आपल्याकडे आला. पण घेताना आपण त्याचा अर्धाच अर्थ उचलला. बाहेरचा गुळगुळीतपणा घेतला, आतली पोकळी मात्र कारागिराकडेच ठेवली.

सावंतवाडीची लाकडी खेळणी व डबे हे या बाह्य सौंदर्याचे उत्तम उदाहरण होय. लेथवर फिरत्या लाकडाला रंगीत लाख टेकवली की घर्षणाच्या उष्णतेने ती वितळते आणि पृष्ठभागावर एकजीव होऊन बसते. लाकडाची रेषा, गाठ, डाग सारे त्या झळाळीखाली जाते. बाळाच्या हाती देण्याच्या वस्तूला हेच शोभते. त्यात उणे काही नाही. मात्र दोष झाकणे हीच कातकामाची एकमेव नीती आहे, असे कोणी मानू नये.

धाराशिव जिल्ह्यातल्या माळरानावर मिळणारे लाकूड याहून अगदी वेगळे. बाभूळ कठीण आणि जड. कापल्यावर नीट निगा राखली नाही तर किडा तिला पोखरतो, म्हणून ती पाण्यात मुरवून ठेवण्याची जुनी रीत आहे. कडुनिंबाचे तंतू एकमेकांत गुंतलेले, त्यामुळे धार कधी सरळ चालत नाही. औत आणि गाडीच्या चाकाचा तुंबा यांसाठी बाभूळ नावाजलेली. पण फुटलेला, गाठाळ ओंडका चुलीतच जायचा. अशा ओंडक्यातून पोकळ पात्र काढावे, हा विचार कलेच्या क्षेत्रात जोमाने पुढे आला तो अमेरिकेत. मेल्विन व मार्क लिंडक्विस्ट या पितापुत्रांनी गाठींचे व बुरशीने रेखांकित झालेले लाकूड प्रतिष्ठित केले. डेव्हिड एल्सवर्थ यांनी 1970 नंतरच्या दशकात वाकडी हत्यारे घडवून, अरुंद तोंडातून आत शिरत, अतिशय पातळ भिंतीची पात्रे कातली.

हे काम जवळजवळ आंधळेपणाने करावे लागते. हत्याराचे टोक आत असते आणि डोळ्याला ते दिसत नाही. भिंत पातळ होत जाते तसा आवाज बदलतो; कारागीर त्या आवाजावरून आणि बोटांच्या अंदाजावरून जाडी ओळखतो. लाकडात भेग असेल तर प्रत्येक फेऱ्यात धार क्षणभर हवेत जाते आणि पुन्हा लाकडावर आपटते. एरवी पातळ भिंतीला बाहेरून हाताचा आधार देता येतो. भोकाच्या जागी तोही देता येत नाही. वेग जास्त झाला तर ओंडका फुटून अंगावर येतो. ओले लाकूड वाळताना सगळ्या दिशांनी सारखे आकसत नाही. वाढीच्या वर्तुळांच्या अंगाने ते त्यांच्या आडव्या दिशेपेक्षा सुमारे दुप्पट आकसते. म्हणून भिंत सर्वत्र सारखी पातळ हवी. एक बाजू जाड राहिली की पात्र तिथेच तडकते.

अशा पात्राचे मूल्यमापन कसे करावे? माझ्या मते इथे समीक्षकाची दोनदा फसगत होते. एकदा तो भेग पाहून पात्र नाकारतो. दुसऱ्यांदा भेग पाहूनच भारावतो. दुसरी चूक आज अधिक बोकाळली आहे. भोक आहे म्हणून वस्तू सखोल ठरत नाही, जसे दुःख आहे म्हणून कविता थोर ठरत नाही. भेगेच्या दोन्ही बाजूंची भिंत सारख्या जाडीची आहे का, तोंडापासून तळापर्यंतची रेषा भेगेपाशी न अडखळता पुढे जाते का, हे पाहावे. दोष लाकडाचा असतो, शिस्त कारागिराची. दोष उघडा ठेवण्याचा अधिकार त्या शिस्तीतून मिळतो.

याच जिल्ह्यातल्या तेर गावी गोरोबाकाकांची समाधी आहे. महिपतींच्या ‘भक्तविजया’मुळे (1762) घरोघरी पोहोचलेली संतपरीक्षेची कथा मला मराठीतला समीक्षेचा आद्य प्रसंगच वाटते. मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून गोरोबांनी जमलेल्या संतांच्या डोक्यावर थापटणे मारून पाहिले आणि नामदेवांना कच्चे मडके ठरवले. आपण या कथेतला निकाल लक्षात ठेवतो, पण हत्यार विसरतो. थापटणे हे मुळात परीक्षेचे साधन नाही. अर्धवट सुकलेल्या मडक्याच्या आत गुंडा धरून बाहेरून थापटण्याने ठोकतात, तेव्हा भिंत पातळ आणि मजबूत होते. म्हणजे घडवण्याच्याच हत्याराने गोरोबांनी पारख केली. कथाही निकालापाशी थांबत नाही. दुखावलेले नामदेव पुढे विसोबा खेचरांकडे जातात आणि त्यांना गुरू लाभतो.

आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. भजनाच्या तंद्रीत चिखल तुडवताना स्वतःचे मूल पायाखाली गेले तरी ज्यांना कळले नाही, ते हेच गोरोबा. कच्चे-पक्के ठरवणारा हात निष्कलंक नव्हता. परंपरेने हे लपवले नाही, आणि म्हणूनही त्यांच्या पारखीला वजन आले.

यिर्मयाने कुंभाराच्या घरी पाहिले की बिघडलेल्या भांड्याची माती पुन्हा चाकावर चढते. लाकडाला ती सवलत नाही. कातलेला कण परत जोडता येत नाही. जे आहे, भेगेसकट, त्यातूनच पात्र काढावे लागते. आपल्या घरात, मंडळात आणि या पानांवरही आपण माणसांना व लेखनाला ठोकून पाहतो. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला, किंवा एकच पुस्तक लिहून थांबलेल्या लेखकाला, पुन्हा मातीचा गोळा करता येत नाही. तिथे कच्चे की पक्के हा प्रश्न अपुरा पडतो. भेग कुठवर गेली आहे आणि तिच्याभोवती भिंत किती नेटाने उभी आहे, हे ऐकण्याइतका आपला कान तयार आहे का, असे समीक्षकाने आधी स्वतःला विचारावे.