व्याधीचे मैत्रीकरण : ‘प्रो-अ‍ॅना’ लेखनाची भाषा

‘प्रो-अ‍ॅना’ या नावाने महाजालावर प्रसृत झालेल्या लेखनाचा घातकपणा प्रामुख्याने त्याच्या भाषेत आहे. अ‍ॅनोरेक्सिया या प्राणघातक मनोविकाराला तेथे ‘अ‍ॅना’ हे मैत्रिणीचे नाव मिळते. उपासमार ‘संयम’ ठरते, तर जेवणे हा ‘पराभव’. लक्षणांनाच गुणांचे रूप दिल्यामुळे उपचार म्हणजे मैत्रिणीशी द्रोह असे भासू लागते. इन्स्टाग्रामने २०१२ मध्ये अशा काही खूणशब्दांवर बंदी घातली; तथापि अक्षरे बदलून तेच शब्द पुन्हा अवतरले. २०२५ मध्ये टिकटॉकलाही ‘स्किनीटॉक’ हा खूणशब्द रोखावा लागला. यावरून केवळ शब्दबंदीची मर्यादा स्पष्ट होते. शब्द पुसला तरी एकाकी मुलीला सोबतीचे आश्वासन देणारी रचना शिल्लक उरते; म्हणून चिकित्सा व्हावयास हवी ती या आश्वासनाची.