कर्वेनगर ते सावंतवाडी : पुलापुलाने वाचायचा रस्ता

पुण्याहून मोटारीने गोव्याला जायच्या वाटा पुष्कळ. ताम्हिणी उतरून माणगावकडे जाता येतं, कोल्हापूरहून गगनबावड्याला वळता येतं, फोंडा घाट आहे, बेळगावकडून चोर्ला आहे. प्रत्येक वाटेचे भक्त आहेत. आमच्या कर्वेनगरात दिवाळीच्या सुमारास कुठला घाट सध्या बरा, यावर सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये तास तास चर्चा रंगते. ती चर्चा वेळेची, खड्ड्यांची आणि टोलची असते, आणि ती आवश्यकच आहे. पण रस्ता रचनेसाठीही पारखता येतो. काय आधी येतं, काय मागे ठेवलं आहे, कुठे विलंब आहे, कुठे उलगडा आहे, हे पाहता येतं. तसं पाहिलं तर वारजे, सातारा, कऱ्हाड, कोल्हापूर, निपाणी, संकेश्वर, आजरा, आंबोली, सावंतवाडी या वाटेइतकी बांधीव वाट मला दुसरी माहीत नाही.

तिची किल्ली पुलांवर आहे. पुलाच्या तोंडाशी नदीच्या नावाची पाटी असते. गाडी वेगात असली की ती दिसते न दिसते तोच मागे पडते. चालवणाऱ्याने तिच्याकडे पाहू नये. शेजारी बसलेल्याने मात्र एकही चुकवू नये. सातारा येईपर्यंत झोपून जाणाऱ्या सहप्रवाशाला या वाटेचा अर्धा अर्थ कळतच नाही.

कर्वेनगर मुठेच्या काठी वसलं आहे. पहाटे निघून वारज्याला बायपासला लागलं की मुठेचाच पूल येतो. ही पहिली पाटी. पुढे नवले पूल, चढ आणि कात्रजचा नवा बोगदा. बोगद्याबाहेर आलं की हवा बदलल्यासारखी वाटते, पण खरा बदल पाण्याचा असतो. कात्रजच्या डोंगराने मुठेचं खोरं मागे टाकलेलं असतं आणि इथून पुढचं पाणी नीरेकडे जाणारं असतं. शिरवळच्या अलीकडे नीरा लागते, पुणे जिल्हा संपतो, सातारा सुरू होतो. मुठा मुळेला मिळून भीमेकडे जाते, नीरा नृसिंहपुराला भीमेत मिसळते. म्हणजे इथवरचा मुलूख भीमेचा.

मग खंबाटकी. साताऱ्याकडे जाताना घाट चढायचा आणि परतताना बोगद्यातून यायचं, अशी इथली बरीच वर्षांची रीत. आता नवे जुळे बोगदे खणले आहेत. वाहतुकीसाठी ते हवेतच, बोगद्याबाहेरच्या त्या वळणावर फार अपघात झाले. तरीही एकदा घाटानेच जावं असं मी सांगेन. कारण हा घाट दिसतो त्याहून मोठं काम करतो. महादेवाच्या डोंगररांगेच्या या फाट्याच्या उत्तरेला पडलेला पाऊस नीरेतून भीमेला जातो, दक्षिणेला पडलेला थेट कृष्णेला. माथ्यावरून खाली सुरूरकडे उतरताना समोर जो रुंद, सपाट, हिरवा पट्टा उघडतो, तो कृष्णेच्या खोऱ्याचा दरवाजा. सुरूर फाट्यावरून उजवीकडे वाईची वाट जाते, जुन्या वडांची. ती नजरेआड करून पुढे जायला मन घट्ट करावं लागतं.

भुईंजजवळ कृष्णेचा पूल येतो. जुनी माणसं एसटीच्या खिडकीतून इथे नाणं टाकत, हात जोडत, आणि आजही एखाद्या गाडीची मागची काच अर्धी खाली येताना दिसते. महाबळेश्वरला उगम पावलेली ही नदी. तिथून अरबी समुद्र हाकेच्या अंतरावर म्हणावा असा. पण ती त्याच्याकडे पाठ करून निघते आणि सुमारे १,४०० किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. हे ध्यानात आलं की पुढचा सगळा रस्ता वेगळा वाचता येतो. साताऱ्याशी वेण्णा, मग उरमोडी, उंब्रजला तारळी, कऱ्हाडला कोयना, किणीच्या अलीकडे वारणा, कोल्हापूरच्या वेशीवर पंचगंगा, कागलपुढे दूधगंगा, निपाणीजवळ वेदगंगा. गाडी दक्षिणेकडे धावत असते आणि प्रत्येक नदी उजव्या हाताच्या सह्याद्रीकडून येऊन डाव्या हाताला निघून जाते. एकही अपवाद नाही. आपण पश्चिमेच्या समुद्राकडे निघालेलो असतो आणि वाटेतलं सारं पाणी पूर्वेकडे चाललेलं असतं. या वाटेचा ताण तो हा, आणि तो तासन्‌तास टिकून राहतो.

उजव्या खिडकीतले निळसर डोंगर आणि डाव्या खिडकीतला ऊस यांचं नातंही इथेच उमगतं. कृष्णेवर धोम, वेण्णेवर कण्हेर, कोयनेवर कोयना, वारणेवर चांदोली, दूधगंगेवर काळम्मावाडी. पंचगंगेच्या वरच्या अंगाला भोगावतीवर राजर्षी शाहू महाराजांनी सुरू केलेलं राधानगरी. धरणं उजवीकडे, हिरवळ डावीकडे, मधून महामार्ग. हिवाळ्यात ऊसतोड चालू असते तेव्हा दोन दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्री दिव्यांवाचून चालतात, म्हणून या पट्ट्यात मुक्काम करावा, रात्री गाडी हाकू नये.

कऱ्हाडला मात्र महामार्ग सोडून गावात जावंच. कृष्णा आणि कोयना इथे समोरासमोर येऊन भेटतात आणि एक होऊन पूर्वेला वळतात. प्रीतिसंगमाच्या त्या काठावर यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे. इतका वेळ पुलांवरून ओझरत्या पाहिलेल्या नद्या इथे प्रथमच पायाशी येतात. कऱ्हाड ते कोल्हापूर हा तुकडा त्यामानाने सपक आहे. उड्डाणपूल, वळवलेले रस्ते, रुंदीकरणाची धूळ; त्यावर फार थांबण्यासारखं काही नाही. नंबरप्लेटी वाचाव्यात. एमएच १२ विरळ होत जाते, ११ येते, कऱ्हाडला ५०, पेठ नाक्याशी १०, मग ०९, आणि कागल ओलांडलं की केए २३.

निपाणी. इथे पाटी कानडीत असते आणि चहावाला मराठीत बोलतो. १९५६च्या राज्य पुनर्रचनेची जखम या गावाने कायम उघड्यावर वागवली आहे. आणि याच महामार्गावर १९८१ साली तंबाखू पिकवणाऱ्या शेतकऱ्यांनी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली ठाण मांडलं होतं. बैलगाड्या, संसार, चुली रस्त्यावर आल्या होत्या. शेवट पोलिसांच्या गोळीबारात झाला, त्यात शेतकऱ्यांचे बळी गेले. ज्या डांबरावरून आपण सुसाट जातो त्याच्यावर माणसं आठवडेच्या आठवडे झोपली होती, हे माहीत असणाऱ्याने निपाणी ओलांडताना वेग थोडा कमी करावा असं मला वाटतं.

संकेश्वरला या रचनेतला सगळ्यांत देखणा क्षण येतो, आणि तो दिसायला अगदी साधा आहे: उजवीकडे वळायचं. महामार्ग बेळगावकडे जातो, आपण गडहिंग्लजच्या रस्त्याला लागतो. इथे हिरण्यकेशी आहे. आतापर्यंत प्रत्येक नदी आडवी आली, ओलांडली, संपली. हिरण्यकेशीला आपण ओलांडून सोडून देत नाही, तिच्या संगतीने उलट दिशेला चालू लागतो, मुखाकडून उगमाकडे. गडहिंग्लजला ती भरलेली, संथ. आजऱ्याला अरुंद, काठावर झाडी दाट. शेतंही तिच्याबरोबर बदलतात. ऊस मागे पडतो, तंबाखू आणि भुईमूग संपतात, भातखाचरं आणि काजू सुरू होतात. आजऱ्याचा घनसाळ हा बारीक, सुवासिक तांदूळ इथलाच, त्याला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. रस्त्याकडेच्या दुकानात तो मिळतो; आठवणीने घ्यावा.

चढ मात्र जाणवत नाही. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर, आंबोली ६९० मीटरच्या आसपास. एवढा लांबचा प्रवास करून आपण जेमतेम काही मजले वर आलेलो असतो. हवा फक्त गार होत जाते, माती तांबडी होते, आणि आंबोलीजवळ एका गुहेत, महादेवाच्या देवळाशी, हिरण्यकेशी संपते, म्हणजे सुरू होते. तिथल्या कुंडात एक चिमुकला, रंगीत मासा सापडला. २०२० साली शास्त्रज्ञांनी त्याला तिच्याच नावावरून ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ असं नाव दिलं आणि पुढच्या वर्षी ही जागा जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. तिथे उतरावं, पण पाण्यात हात घालू नये, निर्माल्य टाकू नये. तो मासा फार थोड्या जागेत राहतो.

उगमापासून थोडंच पुढे गेलं की जमीन संपते. कात्रजने मुठा आणि नीरा वेगळ्या केल्या होत्या, खंबाटकीने भीमा आणि कृष्णा. पण त्या दोन्ही वेळी वेगळं झालेलं पाणी पुढे एकत्रच येणार होतं. आंबोलीचा कडा जे वेगळं करतो ते पुन्हा भेटत नाही. एका बाजूचा थेंब हिरण्यकेशीतून, घटप्रभेतून, कृष्णेतून आंध्रच्या किनाऱ्याला जातो, दुसऱ्या बाजूचा तेरेखोलमधून दिवसाभरात अरबी समुद्रात. ताम्हिणीची वाट सुंदर आहे, पण तिथे हा कडा न्याहारीच्या वेळेलाच येऊन जातो आणि पुढचे कितीतरी तास उतरलेल्या जमिनीवर काढावे लागतात. इथे तो साडेतीनशे किलोमीटर राखून ठेवलेला आहे. आधी लहान जलविभाजक, मग मोठा, मग सर्वांत मोठा. हा क्रम कुणी ठरवून आखलेला नाही, तरी त्याला आखलेल्या गोष्टीचं सौष्ठव आहे.

उतार दुसऱ्या गिअरमध्ये घ्यावा. इंग्रज अमदानीत बेळगावची छावणी आणि वेंगुर्ल्याचं बंदर यांना जोडणारी ही वाट होती, म्हणून वळणं बैलगाडीच्या सोयीने बेतलेली, सौम्य आहेत. कान दडे बसून मोकळे होतात. पावसाळ्यात मुख्य धबधबा रस्त्यालगतच कोसळतो, आणि तिथल्या गर्दीत थांबण्यापेक्षा सप्टेंबरअखेरीस यावं. पाणी असतं, धुकं असतं, माणसं कमी असतात. काळा कातळ दाणोलीच्या आसपास मागे राहतो, जांभा सुरू होतो, कौलं लाल होतात, माडपोफळी दिसू लागतात. ‘काय भावा’ ऐकत आलेल्या कानांवर ‘खंय चल्लास’ पडतं. सावंतवाडीच्या मोती तलावापाशी गाडी लावावी. गोवा तिथून जवळ आहे, पण या वाटेचं सांगणं तिथे पूर्ण झालेलं असतं.

ज्यांच्या नावाने आमचं उपनगर ओळखलं जातं त्या महर्षी कर्व्यांनी हाच जलविभाजक उलट्या दिशेने, पायी ओलांडला होता. शाळकरी वयात, भर पावसात, मुरूडहून सह्याद्री चढून ते साताऱ्याला परीक्षेसाठी गेले आणि वय लहान दिसतं म्हणून त्यांना परत पाठवण्यात आलं. पुढे १९००मध्ये त्यांचा आश्रम हिंगण्याला, मुठेच्या या काठी आला. हिंगणे ते पुणे ही वाटही ते रोज चालतच करत. हवा खेळती ठेवून, मऊ आसनावर बसून तोच सह्याद्री ओलांडणाऱ्या आपल्याला निदान नद्यांची नावं तरी पाठ असायला हवीत.

तेव्हा पुढच्या वेळी गोव्याला निघाल तेव्हा नकाशा सर्वांत कमी वेळाची वाट दाखवील, ती एकदा बाजूला ठेवा. पहाटे निघा, रात्र कऱ्हाडला किंवा कोल्हापूरला काढा, संकेश्वरला उजवीकडे वळा आणि आंबोली दिवसाउजेडी उतरा. गाडीत मुलं असतील तर त्यांना डाव्या खिडकीशी बसवा आणि प्रत्येक पुलावरची पाटी मोठ्याने वाचायला सांगा.