आम्ही आंबे टोचत नाही!

हापूसची पेटी आणल्यावर तुम्हीही हे पाहिलं असेल. फळ हिरवं असतं तेव्हा डाग शोधून सापडत नाही, आणि अढीतून पिकून निघालं की सालीवर काळे डाग. आपण पेटीवाल्याला दोष देतो. पण हा करपा, म्हणजे कोलेटोट्रायकम ही बुरशी, पेटीत लागलेली नसतेच. झाडावर फळ कोवळं असताना, ओलाव्यात ती सालीत शिरते आणि गप्प बसते. हिरव्या सालीत तिला रोखून धरणारी द्रव्यं असतात. फळ पिकताना ती घटतात आणि बुरशी हातपाय पसरते.

हे आधी सांगितलं, कारण बुरशीनाशकांऐवजी यीस्ट वापरण्यावरचे शोधनिबंध वाचताना सध्या माझी चिडचिड होतेय. त्यातली एक रीत तर पाठ झालीये. फळ धुवा, सुईने टोचा, त्या जखमेत यीस्ट सोडा, मग काही तासांनी रोगाची बुरशी सोडा. यीस्टने तोवर जागा धरलेली, जखमेतलं खाणं संपवत आणलेलं. बुरशी उपाशी राहते, कूज घटते, आलेख देखणा येतो. आणि शेवटी 'रासायनिक बुरशीनाशकांना पर्याय' हे वाक्य असतंच.

संत्र्यावरच्या हिरव्या बुरशीसाठी ही रीत रास्त आहे, कारण ती जखमेतूनच शिरते. तिच्यासाठी कॅन्डिडा ओलिओफिला या यीस्टचं 'अस्पायर' नावाचं उत्पादन १९९५ मध्ये अमेरिकेत नोंदलं गेलं. तेही काही वर्षांत बाजारातून गेलं. प्रत्यक्षात जखम आणि बुरशी आधी येते, यीस्ट मागाहून. आणि आत शिरलेल्या बुरशीपुढे यीस्टचं फारसं चालत नाही. मग महिनोन्‌महिने सालीत बसलेल्या करप्यावर ते काय करणार?

तिथे पोचते ती उष्णता. ५२ ते ५५ अंशांच्या पाण्यात ५ ते १० मिनिटं, हा उपाय जुना आहे. त्यात नवीन काही नाही, म्हणून त्यावर लिहायला कुणाला फारसा उत्साहही नसतो. त्याच्या खोडी आहेत: तापमान जरा चढलं की साल भाजते, आणि पाण्यातून निघालेल्या फळाला नव्या बुरशीपासून संरक्षण उरत नाही. (साका मात्र यातला नाही. ती बुरशी नव्हेच.) यीस्टची जागा मला इथे दिसते, उष्णतेनंतर. एकट्याने नाही.

ही टीका माझ्यावरही आहे बरं का. माझा पहिला आलेख टोचलेल्या फळांचाच होता. तो एका बागायतदार काकांना दाखवला. त्यांनी नीट पाहिला, विचारलं, "मग मी फवारणी बंद करू?" मी गप्प. त्यांचं वर्षाचं उत्पन्न त्या उत्तरावर होतं. मग फळं कशी तयार केली ते सांगितलं, तर म्हणाले, "ताई, आम्ही आंबे टोचत नाही."

या हंगामात सुई कपाटात ठेवली आहे. बागेतून आली तशीच फळं गरम पाण्यातून काढून, गार करून यीस्टमध्ये बुडवतेय. आलेख अजून तरी देखणा नाही.