वांगे आणि दोन अभियंते

शाळेतील समारंभांत एक वाक्य हमखास ऐकू येते : अमुक नेते इंजिनिअर आहेत, म्हणून त्यांची दृष्टी वैज्ञानिक. कराडच्या पृथ्वीराज चव्हाणांविषयी सातारा-सांगलीकडे असे कौतुकाने बोलले जाते. कौतुकाला आधारही आहे. पिलानीला यांत्रिक अभियांत्रिकी, अमेरिकेत बर्कलेला एम. एस., मग विमानातील उपकरणांच्या आरेखनाचे काम. १९९१ मध्ये कराडमधून लोकसभेत आणि मे २००९ ते नोव्हेंबर २०१० या काळात केंद्रात विज्ञान व तंत्रज्ञान खात्याचे स्वतंत्र कार्यभाराचे राज्यमंत्री. पण त्या वाक्यातला 'म्हणून' तपासायला हवा.

तपासायला वांगे घेऊ. कृष्णाकाठच्या वांग्यांची चव आपल्याला सांगायला नको, आणि शेंडे व फळे पोखरणारी अळी शेतकऱ्याला कशी जेरीस आणते हेही. मातीतल्या एका जिवाणूचे जनुक वांग्यात घातले की झाड स्वतःच अळीला मारक असे प्रथिन तयार करते. हे बीटी वांगे. ऑक्टोबर २००९ मध्ये केंद्राच्या मान्यता समितीने त्याला अनुकूल कौल दिला. चव्हाणही या तंत्रज्ञानाच्या बाजूचे. पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी मात्र नागपूरसह सात शहरांत जाहीर सुनावण्या घेतल्या आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी स्थगिती दिली. गंमत अशी की रमेशही यांत्रिक अभियंतेच, मुंबईच्या आय. आय. टी.चे! विषय एकच शिकलेले दोघे, निष्कर्ष दोन.

बरोबर कोण? बांगलादेशात २०१४ पासून शेतकरी बीटी वांगे लावू लागले. तेव्हा चव्हाणांची बाजू निराधार होती असे म्हणता येणार नाही. माझा आक्षेप वेगळा आहे. जैवतंत्रज्ञानाला पैसा आणि उत्तेजन देणारा विभाग त्यांच्याच खात्यात होता, आणि जनुकबदल पिकांवर नियंत्रण ठेवणाऱ्या प्राधिकरणाच्या विधेयकाचा मसुदाही त्याच विभागाकडे. ज्याने गणित सोडवले त्यानेच ते तपासायचे, हे आपण चौथीच्या वर्गातही चालू देत नाही. चाचण्या कोणी घेतल्या, किती काळ घेतल्या, हा प्रश्न रमेश यांनी लोकांसमोर आणला. तो विज्ञानमंत्र्यांकडून आधी यायला हवा होता.

दुसरी नोंद मुख्यमंत्रिपदाच्या काळातली. साताऱ्याचे, सांगली-मिरजेत शिकलेले डॉ. नरेंद्र दाभोलकर जादूटोणाविरोधी कायद्यासाठी अनेक वर्षे झगडत होते. चव्हाण मुख्यमंत्री होऊन पावणेतीन वर्षे झाली तरी तो झाला नव्हता. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांची हत्या झाली. दुसऱ्याच दिवशी मंत्रिमंडळाने वटहुकूम काढायचे ठरवले आणि डिसेंबरात विधिमंडळाने कायदा केला. तो चव्हाणांच्याच कारकिर्दीत झाला, हे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. आधी उशीर झाला तो काही धार्मिक संघटनांच्या विरोधामुळे, असे सांगितले जाते. विरोध होता हे खरे. पण तो २१ ऑगस्टलाही होताच.